हप्त्याचा मंगळवार

एल आल्तोत पहाटे चारला
पाणीसुद्धा उठायला कुरकुरतं.
बादलीवरची बर्फाची साय उलथण्यानं फोडायची,
मग जांभळ्या मक्याचं पीठ, दालचिनी, चार लवंगा,
आणि साखर.
साखरेचं पुढे सांगते.

शेगडी दोन तोंडांची. एक तोंड माझं,
दुसरं अजून संस्थेचं.
मोठं पातेलं मात्र फिटलं गेल्या कार्निव्हलला;
त्या रात्री राखेनं घासलं मी ते,
तळाशी माझा चेहरा दिसेपर्यंत.

तारण काय ठेवता, असं विल्मरनं विचारलं होतं पहिल्यांदा.
कोवळा पोरगा, गळ्यात ओळखपत्र, ओठ थंडीनं उललेले.
घर? भाड्याचं.
जमीन? ती राहिली गावात, भावांच्या नावावर.
मग आठ जणी या, म्हणाला,
एकमेकींच्या तारण व्हा.
तेव्हापासून निकोलासा माझं शेत आहे,
सातुर्निना माझी भिंत,
आणि मीही असेन कुणाचं तरी छप्पर,
थोडं गळकं.

शाळेमागची खोली. दाराला आतून कडी.
रक्कम पुरी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही,
हा नियम आम्हीच केलेला, हसत हसत,
पैसे हातात पडले त्या दिवशी.

त्या मंगळवारी नव्वद बोलिव्हियानो कमी.
इलारिया आली नव्हती.
कर्जातून तिनं विणायचं यंत्र घेतलेलं,
नवऱ्यानं ते विकलं आणि साओ पाउलोची बस धरली.
हे आम्हाला तिच्या धाकट्यानं सांगितलं
खिडकीतून, आणि पळाला.

मग तोंडं सुटली.
सगळ्यात जास्त माझंच.
तिच्या टोपीपासून तिच्या आईपर्यंत
मी काही शिल्लक ठेवलं नाही.
कुणाचं पोर भुकेनं किरकिरतंय,
कुणाची शेवटची मिनीबस निघून गेलेली,
आणि विल्मर कॅल्क्युलेटरवर तोच आकडा
पुन्हा पुन्हा दाबतोय,
जणू दाबून दाबून तो मऊ पडेल.

शेवटी निकोलासानं परकराची गाठ सोडली.
तिच्यामागून एकेकीची सुटत गेली.
मी दिले पंधरा.
साखरेचे होते.

बुधवारी आपी फिकी झाली.
"साखर विसरलीस का गं?" गाडीवाल्यानं विचारलं.
"विसरले नाही. तिचा हप्ता गेला."
तो तोंड वाकडं करून प्याला,
आणि गुरुवारी समोरच्या बाईकडे गेला.

आमच्या आयमारा बोलीत
काल पुढे असतो, डोळ्यांसमोर,
आणि उद्या पाठीमागे, कारण तो कुणी पाहिलेला नाही.
देणं असंच सारखं समोर उभं राहतं, नाकडोळ्यांसकट.
आणि ज्याच्यासाठी घेतलं
ते पाठीवरच्या झोळीत झोपलेलं.
वजन लागतं. तोंड दिसत नाही.

सहा मंगळवारांनी इलारिया आली.
हातात नुसत्या सुया, यंत्राचं नाव नाही.
टेबलावर चाळीस ठेवले, सगळी नाणी,
विल्मरला दोनदा मोजावी लागली.
कुणी काही बोललं नाही.
सातुर्निनानं घेरदार परकर आवरून घेतला,
बाकावर वीतभर जागा झाली.

"पुढच्या फेरीला हिच्यासाठी कोण?"
बराच वेळ फक्त सुयांचा आवाज.

मला तिची दया आली असं समजू नका.
मला माझे पंधरा हवे होते,
आणि ते तिच्या बोटांतच होते,
दुसरीकडे कुठे असणार?
मी अंगठा शाईत बुडवला.

शाई तीन दिवस गेली नाही.
पेला पुढे करताना गिऱ्हाइकं बघायची
जांभळा अंगठा.
त्यांना वाटायचं,
मक्याचाच रंग.